मुरमाच्या खाली

लातुरात प्लॉट घ्यायचा झाला की लोक आधी बँकेत जातात, मग वकिलाकडे. किल्लारीच्या आसपासची माणसं मात्र आधी सरजाबाईकडे यायची. चहा व्हायचा, गावाकडची ख्यालीखुशाली व्हायची आणि मग हळूच विषय निघायचा, की मावशी, एक जागा बघितली आहे, जरा खड्डा बघायला येता का? सरजाबाईला हे आमंत्रण लग्नाच्या आमंत्रणापेक्षा प्यारं. कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलून, पदर खोचून ती चपला पायांत सरकवता सरकवताच विचारायची, की गाडी आणलीस का रिक्षानं जायचं?

बाई काही इंजिनिअर नव्हती. अंगणवाडीतून निवृत्त झालेली सेविका. पण त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं गाव गेलं होतं, आणि तेवढी पदवी आमच्या भागात पुरेशी धरली जाते. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, खाली काळी माती. गणपती बोळवून आलेली माणसं पहाटेच्या झोपेत होती. सरजाबाईची सासू गेली आणि सरजाबाईचं तान्हं पोर गेलं. पुढे गाव नव्या जागी वसवलं, तेव्हा पाया खणताना साहेब लोक येऊन सांगायचे, की काळ्या मातीवर घर बांधू नका, मुरूम लागेपर्यंत खणा आणि मुरमावर पाया ठेवा. मुरूम म्हणजे मातीखालचा तो तांबूस, दाणेदार, कठीण थर. सरजाबाईनं ते वाक्य तेव्हा जे धरलं ते सोडलं नाही.

तिची रीत ठरलेली होती. मजुराकडून खड्डा खणून घ्यायचा. मुरूम लागला की थांबवायचं. मग आपली पहार त्यावर आपटून आवाज ऐकायचा, घागरभर पाणी ओतून ते कसं जिरतं ते बघायचं, मूठभर माल नाकाशी धरायचा आणि निकाल द्यायचा. "पक्की हाय" म्हणाली की इसार दिला जायचा. मान हलवली की दलाल तिला मनातल्या मनात शिव्या घालत गाडीला किक मारायचा.

गंमत अशी, की जगाच्या जमिनी ठोकून बघणारी ही बाई स्वतः भूकंपानंतर एक रात्रही स्लॅबखाली झोपली नव्हती. सरकारनं बांधून दिलेल्या घरात ती सामान ठेवायची आणि अंगणात पत्र्याचं छप्पर घालून तिथं निजायची. नवरा केरबा वारला, मुलगी लुंबिनी लातूरला शाळेत विज्ञान शिकवायला लागली, म्हणून मायलेकी शहरात आल्या, तर इथंही सरजाबाईनं हट्टानं पत्र्याच्याच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पत्रा पडला तर डोकं फुटतं, पण माणूस जगतं, एवढा साधा तिचा हिशेब. उन्हाळ्यात दोघी भाजून निघायच्या. लुंबिनी वह्या तपासताना ओला टॉवेल खांद्यावर घेऊन बसायची आणि आईकडे नुसतं बघायची. तिच्या बघण्याचा अर्थ सरजाबाईला कळत होता. तिला पोरीसाठी घर हवंच होतं. फक्त पायाखालच्या जमिनीचा भरवसा देणारं कुणी भेटत नव्हतं.

तो भरवसा प्रीतमनं दिला.

प्रीतम म्हणजे गावात शेजारच्या घरातला. ढिगाऱ्यातून काढला तेव्हा तोही तान्हाच होता. त्याची आई निघाली ती मेलेलीच. सरजाबाईचा मुलगा गेला होता आणि छातीला दूध होतं. कुणीतरी ते रडणारं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिनं पदराखाली घेतलं. त्याचा बाप पुण्याकडे कामाला गेला, तिकडेच त्यानं दुसरं लग्न केलं. पोर सरजाबाईपाशीच राहिलं, तिला माय म्हणत वाढलं. मागून जन्मलेली लुंबिनी त्याला दादा म्हणत मोठी झाली. आपल्यात रक्ताचं नातं नाही याची या घरात कुणी कुणाला आठवण करून दिली नाही, कारण कुणी ते मोजलंच नव्हतं.

दहावीनंतर प्रीतमनं नाना धंदे केले. टिपरवर क्लीनर झाला, एका कंत्राटदाराचा सुपरवायझर झाला आणि अखेरीस प्लॉटच्या धंद्यात शिरला. आता पांढरा शर्ट, पांढरी गाडी, कानाला चिकटलेला फोन. रिंग रोडच्या पलीकडे एका मालकानं 'अढळ नगर' नावाची वसाहत पाडली होती, तिची सगळी विक्री प्रीतमच्या हातात होती. अशा नगरांची नावं ठेवणाऱ्यांना कुणी तरी एकदा पकडून विचारायला हवं, पण ते असो. एका दुपारी प्रीतम आला, तापलेल्या पत्र्याकडे बघून उसासा टाकला आणि म्हणाला, की माय, कोपऱ्यावरचा प्लॉट तुझ्यासाठी राखून ठेवलाय, मालकाशी भांडून भाव पाडून घेतलाय, तू फक्त ये आणि खड्डा बघ.

लुंबिनीला आनंद झाला, पण ती विज्ञानाची बाई. नांदेडला तिची मैत्रीण समीक्षा सिव्हिल इंजिनिअर आहे, तिच्याकडे जमीन तपासायचं यंत्र आहे. ती खोलवर भोक पाडून खालचे सगळे थर काढून दाखवते. लुंबिनीनं फोन केला तर समीक्षा म्हणाली, की शहराच्या कडेच्या जागेचा भरवसा नसतो, पूर्वी तिथं काय होतं ते आसपासच्या जुन्या माणसांना विचार, उपग्रहाची जुनी चित्रं बघ, आणि वरवर मुरूम दिसला म्हणून फसू नको, मुरमाच्या खाली काय आहे ते बघायला हवं.

लुंबिनीनं हे घरात सांगितलं तेव्हा प्रीतम समोरच होता. त्याचा चेहरा पडला. दादाच्या शब्दाला आता नांदेडहून दाखला लागणार का, एवढंच तो बोलला आणि चहाचा कप अर्धा ठेवून उठला. सरजाबाईला ते फार लागलं. पोर अर्ध्या चहावरून उठून गेलं, तिच्या पोरीमुळं.

"माझ्या पोरानं दिलेली जागा मी मशीन लावून बघू?" ती लुंबिनीला म्हणाली. "मग त्येला दूध पाजताना कामून न्हाई बघितलं मशीन लावून?"

समीक्षाला लुंबिनीनं पुन्हा फोन केला नाही, आणि जुनी चित्रं बघायचंही राहिलं ते राहिलंच.

खड्डा मात्र सरजाबाईनं बघितलाच. माया वेगळी आणि रीत वेगळी, असं ती म्हणायची. मजुरानं पहिला घाव घातला न घातला तोच मुरूम लागला. पहार अशी खणखणली की सरजाबाईच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. वर काळी मातीच नव्हती, पहिल्या घावापासून मुरूमच. तिनं तसं बोलूनही दाखवलं. प्रीतम हसून म्हणाला, की माय, हे माळरान, इथं काळी माती कुठून येणार? दुसऱ्या कुठल्या दलालानं हे उत्तर दिलं असतं तर तिनं त्याला आणखी दहा प्रश्न विचारले असते. पण प्रीतमनं सांगितलं आणि तिला पटलं. ती "पक्की हाय" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. प्रीतमनं तिचा पहार घेतलेला फोटो काढला आणि आपल्या फोनवर सगळ्यांना दिसेल असा लावला, खाली मजकूर, 'सरजामायने तपासलेली जमीन'. मग काय, बाईची स्वारी चार दिवस हवेत होती.

साठवलेलं सगळं देऊन प्लॉट झाला. तो फोटो गावोगाव फिरला आणि वर्षाच्या आत अढळ नगरात किल्लारीकडच्या माणसांनी भराभर प्लॉट धरले. एसटीत ड्रायव्हर असलेल्या गावातल्या आनंदराजनं तर बायकोचे दागिने मोडून प्लॉट घेतला. पेढे द्यायला आला तेव्हा सरजाबाईच्या पायांशी वाकायला लागला. तिनं त्याला मधेच धरून उभं केलं, पण मनातून सुखावली.

आणि मग, ज्याची लुंबिनीनं आशा सोडली होती, ते घडलं. एका सकाळी भाकरी थापता थापता सरजाबाई म्हणाली, की आता घर बांधू, आणि वर स्लॅबच टाकू. लुंबिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं, तर आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, की जागा प्रीतमनं दिली आहे, आता कशाला भ्यायचं? इतकी वर्षं दर पावसाळ्यात, दर गडगडाटाला दचकून उठणारी ही बाई. लुंबिनी मोरीत जाऊन रडून आली.

प्रीतमला फोनवर कळवलं. तो म्हणाला, की एवढी घाई कशाला, भाव चढतोय, पडून राहू दे. सरजाबाई हसली, की अरे, मी काय व्यापारी आहे? त्यानंतर त्याचा फोन लागेना झाला. नांदेडला गेलाय, कामात आहे, असं त्याच्या ऑफिसातला माणूस सांगायचा.

काम गुरुबसप्पाला दिलं. हा निलंग्याकडचा कंत्राटदार, भूकंपानंतरची कितीतरी घरं त्याच्या हातची. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवून, मेणबत्ती लावून प्लॉटवर त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांना खीर वाटली आणि कॉलमचे खड्डे घ्यायला जेसीबीनं दात जमिनीला लावले. पहिले काही घास मुरमाचे निघाले. सरजाबाई मोठ्या थाटात कमरेवर हात ठेवून उभी होती. पुढचा घास काळा निघाला.

आधी वास आला. मग दिसायला लागले प्लास्टिकच्या पिशव्यांचे लगदे, सलाईनच्या बाटल्या, फाटक्या चपला, चिंध्या, कुजून काळं झालेलं काहीबाही. खड्ड्याच्या कडा आपोआप आत ढासळत होत्या. गुरुबसप्पानं दुसऱ्या कोपऱ्यात खणायला लावलं, तिथं तेच. मग यंत्राचा हात जाईल तितका खाली घालायला लावला. तळाशीही कचराच होता. तो खिरीच्या पातेल्याशेजारी मटकन बसला.

"अक्का, ही खदान हाय," तो म्हणाला. "दगड काढून निलेत आन् गावचा कचरा भरलाय. मुरूम वरून आणून टाकलेला हाय, रोलर फिरवून. ह्याच्यावर घर बांधलं तर भूकंपाची वाट बघायची गरज न्हाई. आपसूक बसत जाईल. आन् बोअरचं पाणी तोंडात घालायच्या लायकीचं ऱ्हाणार न्हाई."

सरजाबाईच्या मनात पहिला विचार कुणाचा आला असेल? प्रीतमचा. पोराला मालकानं फसवलं, असं तिला वाटलं. आता एवढ्या लोकांना तो काय तोंड दाखवेल, लोक त्याला मारतील, पोर जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. ती तशीच, साडीला मुरूम लागलेला, रिक्षा करून त्याच्या ऑफिसात गेली. नांदेडला गेलेला प्रीतम आत खुर्चीत बसला होता. लुंबिनी मागून येत होती, तिच्यासाठी ती थांबलीही नाही. सरजाबाई धापा टाकत एवढंच म्हणाली, की पोरा, घात झाला, आपल्या प्लॉटवर खणलं रे.

प्रीतम उठला, त्यानं दार लावून घेतलं.

"किती खोल खणलं?" त्यानं विचारलं.

काय निघालं, असं त्यानं विचारलं नाही. सरजाबाईला एकदम सगळं कळलं आणि कळू नये असंही वाटलं.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मग तो बोलायला लागला, आणि बोलायला लागल्यावर थांबला नाही. ठाऊक असायचं काय, ती खदान त्यानंच भरून घेतली होती. कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता तेव्हा शहराच्या कचऱ्याचे टिपर त्याच्याच हुकमानं तिथं रिकामे व्हायचे. सरजाबाईला ते दिवस आठवले. अंगाला मरणाचा वास घेऊन पोर घरी यायचं आणि ती पत्र्याच्या आडोशाला चूल पेटवून त्याला अंघोळीला कढत पाणी द्यायची, पाठ घासून द्यायची. ते टिपर कुठं रिकामे होतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. कशाला विचारेल? पोर कष्ट करतंय एवढंच तिला दिसायचं.

"मला वाटलं तू बांधणारच न्हाईस, माय," प्रीतम म्हणाला. त्याचा आवाज खरंच रडवेला झाला होता. "इतकी वर्षं पत्र्याखाली झोपलीस. तू कशाला स्लॅब टाकतीस? जागा नुसती पडून राहिली आसती, भाव आला की मीच विकून दिली आसती. तुला एका पैशाची तोशीस पडली नसती."

सरजाबाईच्या भीतीची त्यानं किंमत केली होती. त्या एका पहाटेची जी भीती फक्त या पोराला सांगायची गरज नव्हती, कारण तो तिच्यासोबतच त्यातून निघाला होता, तीच त्यानं धंद्यात धरली होती. आणि ही बाई त्याच्यावर विसंबून ती भीती टाकून द्यायला निघाली होती. इतका राग, इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मग मला दिलीस कामून?" तिनं विचारलं. "दुसरं कुणी न्हाई गावलं?"

प्रीतम टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला.

"तू घेतल्याबगर आपली मान्सं घेईनात," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं जे मांडलं ते अगदी व्यवस्थित मांडलं, जणू गिऱ्हाईक समोर आहे. रविवारी शेषेराव आणि केवळाबाई येणार होते. निलंग्याकडचं शेतकरी जोडपं, दोन्ही मुलांसाठी शेजारशेजारचे प्लॉट घ्यायचं म्हणत होते. पण केवळाबाईचं माहेर भूकंपात गेलेलं, तिची अट होती की सरजाबाईंनी खड्डा बघितला तरच. तेव्हा मायनं फक्त यायचं, नेहमीसारखा खड्डा बघायचा आणि मुरूम लागला की थांबायचं. त्या दोघांचे पैसे आले की सरजाबाईचं सगळं परत. चांगल्या वस्तीत, खऱ्या जमिनीवर घर घेता येईल, लुंबिनीचं भलं होईल. नाहीतर मालक एक रुपया सोडणार नाही, आणि प्रीतमकडे स्वतःचं देण्यासारखं काही नव्हतं.

दार उघडून सरजाबाई बाहेर आली तेव्हा लुंबिनी पायरीवर बसलेली होती. दार पातळ होतं, तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. घरी पत्र्याखाली पंखा लावून बसल्यावर लुंबिनी म्हणाली, "आई, पैसे घे आणि गप्प राहा, असं म्हणावंसं वाटतंय मला. खरंच वाटतंय. पण म्हणवत नाही." मग तिनं फोनवर त्या जागेची जुनी चित्रं काढली. एका चित्रात तिथं काळा, पाण्यानं भरलेला खोल खड्डा होता. नंतरच्या चित्रांत तो पांढरट होत गेला, आणि शेवटी वर तांबडा थर. बघायचंच ठरवलं असतं तर चहा थंड व्हायच्या आत दिसलं असतं. सरजाबाईनं ती चित्रं पुन्हा पुन्हा दाखवायला लावली.

रविवारी ती गेली. पहार घेऊन गेली. तिच्या स्वतःच्या प्लॉटवरचे खड्डे बुजवून वर रोलर फिरवलेला होता, जसं तिथं काही झालंच नव्हतं. प्रीतमनं तिला बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. लगबगीनं पुढे होऊन त्यानं तिच्या हातातली पहार घेतली, तिला सावलीत खुर्ची दिली. केवळाबाईनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. तिनं सरजाबाईचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाली, की बाई, तुम्ही आलात, आता माझी चिंता मिटली. शेषेराव फारसे बोलणारे नव्हते, पण त्यांनीही हात जोडले.

मजुरानं खणायला सुरुवात केली. लगेच मुरूम लागला. त्याला रीत ठाऊक होती, तो थांबला आणि कपाळ पुसत सरजाबाईकडे बघायला लागला. सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

"मुरूम लागला, माय," प्रीतम म्हणाला.

"दिसला मला. पुढं खण," सरजाबाई मजुराला म्हणाली.

मजुरानं प्रीतमकडे बघितलं. प्रीतम हसला, ऊन चढतंय वगैरे काहीतरी पुटपुटला. सरजाबाई खुर्चीतून उठली, तिनं प्रीतमच्या हातातली आपली पहार घेतली आणि स्वतः खड्ड्यात उतरली. रोलरनं दाबलेला मुरूम, वय झालेली बाई. दोन घावांत तिला धाप लागली. शेषेरावांनी काही न विचारता सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, तिला हात देऊन वर घेतलं आणि स्वतः उतरले. शेतकऱ्याचा हात तो. मजूर लाजला आणि तोही लागला. खड्डा कंबरेएवढा झाला तेव्हा पहार एकदम आत गेली, आणि उपसली तर टोकाला काळी पिशवी अडकून आली. केवळाबाईनं पदर नाकाला लावला.

"लगेच थांबत जाऊ नगा," सरजाबाई तिला म्हणाली. "मी थांबत आले, त्यात समदे बुडाले."

प्रीतम गाडीपाशी गेला, दार उघडून आत बसला आणि निघून गेला. भाकरी कुणी खाल्ल्या नाहीत.

बातमीला पाय फुटले. संध्याकाळपर्यंत अढळ नगरात प्लॉट घेतलेली माणसं जमली, पण ती प्रीतमच्या दारात नाही जमली. त्याच्या दाराला कुलूप होतं. ती सरजाबाईच्या दारात जमली. आनंदराज सगळ्यांत पुढे होता. पाया पडायला वाकलेला तो माणूस आता उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता.

"मावशी, तुमचा फोटो बघून घेतली म्या," तो म्हणाला. "आता सांगा, तुमाला कोपऱ्याचा प्लॉट स्वस्तात कसा भेटला?"

लुंबिनी उसळून काही बोलणार होती, पण सरजाबाईनं तिला आवरलं. भाव पाडून मिळाला होता हे खरं होतं. तिनंच "पक्की हाय" म्हटलं होतं हेही खरं होतं. प्रीतम तिच्या दुधावर वाढला होता हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्या पोरासाठी ती या लोकांसमोर छाती काढून चालली, त्या पोरानं तिला त्यांच्यासमोर चोर करून उभं केलं होतं. आपण त्यात नव्हतो हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला का खरं वाटावं? तिला स्वतःला त्यांच्या जागी उभं केलं असतं तर तिला तरी वाटलं असतं का?

"सकाळी पोलिसात जाऊ," ती म्हणाली. "पैली तक्रार माझी."

पोलीस ठाण्यात गर्दी झाली. सरजाबाई आणि लुंबिनी पुढे बाकावर, मागे आनंदराज आणि बाकीची मंडळी भिंतीला टेकून. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. म्हातारी ऐन वेळी कच खाते का हे बघायला निम्मे लोक आले होते, आणि ते तिला पाठीला कळत होतं. हवालदार शांतपणे विचारत होता आणि टाइप करत होता. जागा कुठली, कुणी दाखवली, काय सांगून विकली. सरजाबाईनं सगळं सांगितलं. तो ऑफिसात काय म्हणाला, खदान कुणी भरली, रविवारी तिला काय करायला बोलावलं होतं, काही मागे ठेवलं नाही.

"हा प्रीतम तुमचा कोण लागतो?" हवालदारानं विचारलं.

लुंबिनीनं पटकन आईच्या हातावर हात ठेवला आणि सांगायला लागली, की गावातले आहेत, शेजारचे, नात्यात कुणी नाही. ते कागदोपत्री खरंच होतं. आडनाव वेगळं, घर वेगळं, आईबाप वेगळे. तेवढं एक वाक्य लिहून घेतलं असतं तर मागच्या माणसांच्या मनातली निम्मी अढी तिथल्या तिथे गेली असती. हवालदारानं टाइप करायला बोटं उचलली.

"थांबा साहेब," सरजाबाई म्हणाली. तिनं मागे वळून आनंदराजकडे बघितलं आणि मग पुन्हा समोर. "पोरगा हाय माझा. तसंच लिवा. आन् त्येला समदं ठाऊक होतं, हेबी लिवा."